बोट झाकली, ड्राइव्ह मात्र टांगलेलेच

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शहर पुरवणीत गेल्या आठवड्यात एक छायाचित्र आले होते. शहराबाहेरच्या एका फार्महाउसच्या आवारात, संत्र्याच्या झाडांपलीकडे, ट्रेलरवर निळ्या ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली मोटारबोट आणि खाली ‘हिवाळी विश्रांती’ अशी ओळ. छायाचित्र छानच होते. परंतु ज्याने उमेदीची बावीस वर्षे अशाच बोटींच्या पिछाडीला उकिडवे बसून काढली, त्याची नजर ताडपत्रीवर ठरत नाही, ती ताडपत्री जिथे संपते तिथे जाते. त्या बोटीचे स्टर्नड्राइव्ह, म्हणजे पिछाडीला बाहेर असलेला, पंखा फिरवणारा भाग, पूर्ण वर उचललेले होते आणि ताडपत्रीची दोरी त्याच्याच पंख्याला दोन वेढे देऊन बांधली होती. बोट इतक्या निगुतीने झाकणाऱ्या मालकाकडून नेमके हेच राहून जावे याचे मला नवल वाटले नाही, कारण विदर्भातल्या तलावांवर मी पाहिलेल्या बहुतेक बोटी अशाच टांगल्या ड्राइव्हनिशी उभ्या असत. त्याविषयी काही लिहावे म्हणून हा पत्रप्रपंच.

आउटबोर्ड इंजिन आता पुष्कळांच्या पाहण्यातले आहे. बचाव पथकांच्या रबरी बोटींना मागे अख्खेच्या अख्खे लटकलेले असते ते. स्टर्नड्राइव्हचा प्रकार निराळा. यात इंजिन मोटारीच्या इंजिनासारखेच बोटीच्या पोटात, अगदी मागे बसलेले असते. त्याची शक्ती पिछाडीच्या फळीतल्या भोकातून बाहेर येते, जीपच्या शाफ्टला असतात तशा क्रॉसच्या जोडांतून ड्राइव्हमध्ये शिरते, तेथे गिअरवर काटकोनात खाली वळते, तळाशी पुन्हा एकदा मागे वळते आणि पंखा फिरवते. जिम विन या अमेरिकन अभियंत्याच्या कल्पनेवरून स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ साली ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावाने हे यंत्र बाजारात आणले आणि १९६१ साली अमेरिकेतून मर्क्रूझर आले. आपल्याकडे दिसणारी ड्राइव्ह बहुतेक याच दोन घराण्यांतली असतात. वळायचे असले की सगळे ड्राइव्हच डावी-उजवीकडे वळते आणि उथळ पाण्यात किंवा ट्रेलरवर घेताना वर उचलता येते, ही यातली सोय. पण या सोयीसाठी पिछाडीतले ते भोक कायमचे बुजवून टाकता येत नाही. पाण्याच्या पातळीखालच्या त्या भोकावर हार्मोनियमच्या भात्यासारख्या वळ्यांचा एक रबरी नळा चढवलेला असतो. त्याला बेलोज म्हणतात. तलाव आणि बोटीचे पोट यांच्यामध्ये त्या रबराखेरीज काहीही नसते. माझ्या या पत्रातले निम्मे म्हणणे त्या रबराविषयीचे आहे.

आधी ‘हिवाळी’ या शब्दाचा निकाल लावतो. या ड्राइव्हच्या माहितीपुस्तिका थंड देशांत लिहिल्या जातात. तेथे सरोवरे गोठतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोट पाण्याबाहेर काढली की ती एप्रिल-मेपर्यंत पुन्हा पाण्यात जात नाही. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये साचलेल्या पाण्याचे बर्फ झाले की ते सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि ओतीव लोखंडाला भेग पाडते. ड्राइव्हच्या तेलात पाणी शिरलेले असेल तर अ‍ॅल्युमिनियमचे कवचही तडकते. म्हणून तेथे सगळे पाणी काढून टाकतात आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी द्रावण इंजिनात फिरवतात. नागपुरात २०१८ च्या डिसेंबरअखेरीस पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि त्याची बातमी देशभर झाली होती. पण तेव्हाही कुणाच्या माठातले पाणी गोठल्याचे मी ऐकले नाही. तरीही पुस्तिकेत लिहिले आहे म्हणून ते गुलाबी द्रावण महागात मागवून इंजिनात ओतलेले एक गृहस्थ मला ठाऊक आहेत, आणि त्यांच्या ड्राइव्हचे गिअर ऑइल मात्र दोन वर्षे बदललेले नव्हते. दुसरी मंडळी याच्या उलट टोकाला असतात. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ असे म्हणून ती संपूर्ण प्रकरणच मोडीत काढतात. दोघांचीही चूक एकच आहे. पुस्तिकेतला बर्फ आपल्याला लागू नाही, परंतु बोट चार-पाच महिने उभी राहणार आहे हे आपल्यालाही लागू आहे, आणि पुस्तिकेतली बहुतेक कामे खरे तर या दुसऱ्या गोष्टीसाठी सांगितलेली असतात.

हिवाळा हा तर आपल्याकडे बोट चालवण्याचा खरा हंगाम. रामटेकच्या खिंडसी तलावावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी भरलेले, ऊन कोवळे आणि माणसे हौसेने आलेली असतात. मी ज्या बोटी सांभाळल्या त्यांची विश्रांती मृगाच्या पहिल्या सरीबरोबर सुरू होई आणि दसऱ्यापर्यंत चाले. कधी कधी तलाव आटला की मे महिन्यातच बोट वर येई. म्हणजे आपल्या बोटीच्या वाट्याला बर्फ येत नाही, पंचेचाळीस अंशांचे ऊन येते आणि त्यामागोमाग तीन महिने ओल येते. रबराला, तेलाला आणि बॅटरीला हा क्रम बर्फाइतकाच वाईट. नागपूरकराला हे वेगळे शिकवायलाही नको. पाऊस लागला की प्रत्येक घरात कूलरची टाकी उपसतात, ताट्या काढून वाळवतात, पंपाचे पंखे हाताने फिरवून बघतात, मोटारीत दोन थेंब तेल सोडतात. ज्या घरात हे होत नाही त्या घरात पुढच्या मार्चमध्ये पंप जाम असतो. शंभर-दीडशे लिटरच्या कूलरसाठी जे करतो ते काही लाखांच्या ड्राइव्हसाठी करायचे नाही, असा हा अजब हिशेब आहे.

आता ते रबर. ड्राइव्ह खाली, म्हणजे सरळ उभे असते तेव्हा बेलोजच्या वळ्या सर्व बाजूंनी सारख्या मोकळ्या असतात. ड्राइव्ह वर उचलले की वरच्या वळ्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि खालच्या ताणल्या जातात. तासाभरासाठी याचे काही वाटत नाही. पण नागपूरच्या उन्हात चार महिने ताणून ठेवलेले रबर तो ताण विसरत नाही. वळीच्या तळाशी, जिथे हात लावल्याशिवाय दिसत नाही तिथे, केसासारख्या बारीक भेगा पडतात. शिवाय वर उचललेल्या ड्राइव्हमधून पाणी नीट निथळत नाही. खोलगट जागी साचून राहते आणि पुढे सर्वांत आतल्या बेअरिंगपर्यंत गंज नेते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. या धंद्यात नवा असताना, एका जलाशयाकाठच्या खाजगी बोटीचे ड्राइव्ह मीच वर उचलून ठेवले होते आणि उंदीर-घुशींपासून वाचवले म्हणून स्वतःवर खूषही होतो. दसऱ्यानंतर बोट पाण्यात सोडली. सरळ जाताना सगळे ठीक होते, वळण घेतले की मागून गुरगुर यायची, जणू कुणी पिछाडीखाली जाते फिरवत आहे. आवाजाचा अर्थ तेव्हा मला कळत नव्हता. संध्याकाळी बोट काठाला लागली तेव्हा तळाशी बादलीभर पाणी होते. ड्राइव्ह उतरवले, बेलोजच्या खालच्या वळीत बोटभर लांबीची भेग होती आणि आतले शाफ्ट पेलणारे गिम्बल बेअरिंग, जे बोटाने लोण्यासारखे फिरायला हवे, ते खडखडत, अडत फिरत होते. रबर, बेअरिंग, दोन्ही क्रॉस, असे सगळे बदलावे लागले आणि त्या बेअरिंगला ओढून काढणारा पुलर नागपुरात मिळेना म्हणून एका खरादवाल्याकडून बनवून घ्यावा लागला. मालक भला होता, त्याने मला कामावरून काढले नाही. तेव्हापासून बोट उभी करायची म्हटले की मी ड्राइव्ह आधी खाली घेतो आणि मग बाकीचे बघतो. बेलोजही मी तीन वर्षांवर ठेवत नाही. वरून कितीही चांगले दिसले तरी.

ड्राइव्ह वर ठेवण्यामागे एक खरे कारण असते, तेही नोंदवले पाहिजे. ट्रेलर रस्त्यावरून नेताना ड्राइव्ह वरच हवे, नाहीतर त्याचे तळाचे पाते रस्त्याला घासेल. बोट आवारात आणून लावली की ते तसेच राहून जाते. शिवाय बोटीतले पावसाचे पाणी मागे वाहून जावे म्हणून ट्रेलरचे तोंड वर उचलतात, त्यामुळे पिछाडी आणखी खाली येते आणि ड्राइव्हला जागाच उरत नाही. यावर उपाय साधा आहे: ट्रेलरची चाके आधी विटांवर किंवा जाड फळ्यांवर चढवावीत, मग तोंड उचलावे, तळाच्या पात्याखाली चार बोटे जागा राहते ना ते बघावे आणि ड्राइव्ह खाली सोडावे. पिछाडीचा तळप्लग काढून तो स्टिअरिंगला सुतळीने बांधून ठेवावा, म्हणजे पुढच्या हंगामात तो न लावताच बोट पाण्यात ढकलण्याची फजिती होत नाही. ही फजिती मी चांगल्या-चांगल्यांची पाहिली आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट गिअर ऑइलची, आणि येथे ते कधी बदलावे याला फार किंमत आहे. आपल्याकडे तेल बदलतात ते हंगाम सुरू होताना. ते हंगाम संपताच, बोट वर आल्यावर दुसऱ्याच दिवशी बदलले पाहिजे. ड्राइव्ह खाली ठेवून बोट रात्रभर तशीच उभी राहू द्यावी. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत शिरले असेल तर रात्रीतून तळाला बसते. सकाळी तळाच्या स्क्रूखाली पांढरी परात धरावी आणि स्क्रू पूर्ण न काढता अर्धा आटा सैल करावा. पहिले थेंब पाण्याचे आले, किंवा तेल दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे आले, तर कुठले तरी सील, म्हणजे पाणी आत येऊ न देणारी कडी, गेलेले आहे. हे जूनमध्ये कळले तर दुरुस्तीला चार महिने मिळतात. ऑक्टोबरात कळले तर ते पाणी चार महिने गिअरवर आणि बेअरिंगवर बसून गंज धरून मोकळे झालेले असते. स्क्रूच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावरची करडी, मऊ गाळासारखी पेस्ट नेहमीची आहे, ती फडक्याने पुसून टाकावी. पण बोटाला टोचणारे कण असतील तर गिअर बोलू लागला आहे असे समजावे. काही ड्राइव्हमध्ये तळाचा स्क्रू पंख्यामागे लपलेला असतो, त्यामुळे पंखा उतरवल्याखेरीज तो दिसत नाही. ‘आमच्या ड्राइव्हला खाली स्क्रूच नाही’ असे म्हणणारे भेटतात ते यामुळेच.

नवे तेल भरताना ते वरून ओतू नये. वरचा हवेचा स्क्रू काढून ठेवावा आणि तळाच्या भोकातून हातपंपाने तेल खालून वर चढवावे, म्हणजे हवा पुढे ढकलली जाऊन वरच्या वाटेने निघून जाते. वरून बुडबुडे न येता सलग तेल वाहू लागले की आधी वरचा स्क्रू बंद करावा आणि मग पंप काढून तळाचा स्क्रू चटकन लावावा. वरची वाट बंद असल्यामुळे या दोन सेकंदांत फारसे तेल सांडत नाही. दोन्ही स्क्रूखालचे वॉशर दर वेळी नवे घालावेत. पाच-दहा रुपयांच्या वॉशरसाठी जुनाच ठेवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये पाणी कुठून आले हे शोधत मी कित्येक दुपारी घालवल्या आहेत.

पंखा उतरवलाच आहे तर शाफ्टकडे बघावे. आपल्या तलावांत मासेमारी चालते आणि तुटलेला तंगूस पंख्यात अडकून शाफ्टभोवती आवळत जातो. बाहेरून काहीच दिसत नाही, पंखा काढल्यावर मात्र सीलच्या तोंडाशी काचेसारखी कडक झालेली कडी सापडते; ती कापून काढावी, कारण ती सीलचे ओठ कापते आणि मग वर सांगितलेली दूध-कॉफी होते. शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावावे. पंखा परत बसवण्याऐवजी घरी नेऊन ठेवला तर उत्तम, भंगारवाल्याच्या तराजूवर चढायचा वाचतो.

येथे येणाऱ्या बऱ्याच बोटी मुंबई-अलिबागकडून वापरून झालेल्या, विकत घेतलेल्या असतात. त्यांच्या ड्राइव्हवर गंजापासून बचाव करणारे धातूचे ठोकळे, म्हणजे अ‍ॅनोड, जस्ताचे असतात. खाऱ्या पाण्यात जस्त स्वतः झिजते आणि ड्राइव्हचे अ‍ॅल्युमिनियम वाचवते. गोड्या पाण्यात मात्र त्यावर पांढरट थर चढून ते निष्क्रिय होते आणि मग गंज ड्राइव्हला धरतो. आपल्या तलावांसाठी मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड हवेत. समुद्रापासून इतक्या लांब आलेल्या बोटीवर समुद्राचेच ठोकळे वर्षानुवर्षे राहतात आणि मालक अभिमानाने सांगतो की आमचा अ‍ॅनोड जराही झिजला नाही. न झिजणारा अ‍ॅनोड म्हणजे काम न करणारा अ‍ॅनोड. त्याच्यावर रंगही कधी देऊ नये.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, रबराचा असतो आणि त्याची पाती पंपाच्या घरात वाकूनच बसतात. एका जागी महिनोन्‌महिने थांबली की ती वाकलेलीच राहतात आणि पुढच्या हंगामात इंजिन तापते. काही ड्राइव्हमध्ये हा पंप ड्राइव्हच्या आतच असतो, काहींत इंजिनावर. कुठेही असला तरी विश्रांतीच्या काळात इम्पेलर काढून ठेवावा किंवा हंगामाच्या तोंडावर नवा घालावा. तो काढण्याआधी, पंखा उतरवलेला असताना, ड्राइव्हच्या दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या झरोक्यांवर रबरी वाट्या लावून बागेच्या नळीने स्वच्छ पाणी सोडावे आणि इंजिन मंद गतीवर दहा मिनिटे चालवावे, म्हणजे तलावाचा गाळ आणि जलपर्णीचे तंतू निघून जातात. आधी नळ सुरू, मग इंजिन. हा क्रम चुकला तर कोरडा इम्पेलर काही सेकंदांत जळतो. ‘जरा स्टार्ट होते का बघतो’ म्हणून जमिनीवर चावी फिरवणाऱ्या पाहुण्यांनी जितके इम्पेलर जाळले असतील तितके तलावाने जाळले नसतील.

इंजिनाकडची कामे मोटारवाल्यांना माहीत असतात म्हणून थोडक्यात लिहितो. इंजिन ऑइल उभे करण्याआधी बदलावे, कारण वापरलेल्या तेलात जळणाची आम्ले असतात. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओल ओढते. टाकीत थोडेसे पेट्रोल ठेवून पावसाळा काढू नये, टाकी रिकामी तरी करावी किंवा पेट्रोल टिकवणारे द्रव्य घालून इंजिन काही मिनिटे चालवावे. बॅटरी काढून सावलीत ठेवावी आणि दर महिन्याला चार्ज करावी. उन्हाळ्यात ती न वापरताही लवकर उतरते. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते.

एक गोष्ट परदेशी पुस्तिकांत मला सापडली नाही, ती आपल्या अंगणातली आहे. कुंभारीण माशीला ड्राइव्हची पाणी निथळण्याची भोके फार आवडतात. जुलै-ऑगस्टमध्ये ती त्यांत ओल्या मातीने घर बांधते आणि दसऱ्यापर्यंत ती माती विटेसारखी कडक होते. अशी माती मी सायकलच्या आरीने टोकरून काढली आहे. भोकांवर बारीक जाळीचा तुकडा बांधला की काम भागते. प्लास्टिक बांधू नये, नाहीतर आतली ओल आतच राहते. ताडपत्रीच्या बाबतीतही हेच. ती बोटीला चिकटवून न बांधता मध्ये बांबू घालून तंबूसारखी ठेवावी आणि तिची दोरी ट्रेलरला बांधावी, ड्राइव्हला नव्हे.

आपल्या छायाचित्रातल्या बोटीच्या मालकाने हे पत्र वाचले, तर त्याने एवढे आजच करावे. ताडपत्री सोडावी. चाकांखाली विटा द्याव्यात. बॅटरी बहुधा उतरलेली असेल, तेव्हा मोटारीची चार्ज केलेली बॅटरी जोडून ड्राइव्ह खाली घ्यावे, आणि ते खाली येत असताना दुसऱ्या माणसाला टॉर्च घेऊन बेलोजच्या खालच्या वळ्यांकडे बघायला बसवावे. भेग असेल तर ती रबर सैल पडण्याआधी, ताणलेले असतानाच उघडी दिसते.

आपला नम्र,
एक निवृत्त बोट-मेकॅनिक
महाल, नागपूर
(नाव व पत्ता कार्यालयास कळविला आहे.)